सेरवाला कोणी कामाला पाठवत नव्हतं

सेरवाच्या छातीत बॅटरीवर चालणारं हृदय बसवलंय, ती पळाली की बॅटरी निसटेल आणि पोरगी उभ्या जागी बंद पडेल, हे आमच्या चढावरच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. नळावरच्या बायकांना तर बॅटरीचं मापही ठाऊक होतं. "रेडिओत घालतात ना, जाडी, तसल्या दोन. रविवारी बदलतात." रविवारीच का, ते कोणी विचारलं नाही.

खरं असं की सेरवा जन्मली तेव्हा तिच्या हृदयातल्या पडद्याला भोक होतं. ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी त्याला ठिगळ लावलं. बॅटरी नाही, वायर नाही. छातीवर मधोमध एक उभा व्रण, बास. पण तिची आई अडोमा पडली शिंपीण. मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "ठिगळ म्हणजे ठिगळ. ताण पडला की कडेनं उसवतं. मला शिकवू नका." निम्म्या कुमासी शहराचे कपडे उसवलेले पाहिलेल्या बाईपुढं बोलणार कोण?

म्हणून सेरवा अकरा वर्षांची झाली तरी शाळेतून येताना चढाच्या पायथ्याशी मी तिला पाठीवर घ्यायचे. तान्ह्या बाळासारखी, कापडानं बांधून. तिचे पाय माझ्या गुडघ्यांवर आपटायचे. मी शेजारच्या घरातली ओफोरिवा, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. वाटेत मी सगळ्या चढाच्या नकला करायचे, आणि ती खदखदून हसायला लागली की मलाच धाकधूक, उसवते की काय.

तिला लागायचं ते वेगळंच. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या माणसानं कुठल्याही पोराला हाक मारावी, "ये, तुला पाठवते," आणि पोरानं पळावं. मीठ आण, निरोप दे, बाबा कुठं उलथलेत ते बघून ये. आम्ही कुरकुरायचो. सेरवाला मात्र जन्मात कोणी पाठवलं नव्हतं. हाक आली की चार पोरं उठायची, तीही उठायची, आणि कोणीतरी म्हणायचं, "तू बस गं बाळा."

"ताई," ती एकदा म्हणाली, "त्या नव्वदीच्या म्हातारीलासुद्धा इथं कोणी एवढं 'बस' म्हणत नाही."

नाताळानंतरच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. तिच्या दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं करकचून आवळला, मग एकदम सोडला, आणि रक्त परत धावलं तेव्हा हातातली रक्तवाहिनी किती उघडते ते पडद्यावर पाहिलं. जेमतेम हलली. मग छातीला तारा लावून तिला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं. डॉक्टर लाम्पतेबाई प्रत्येक शब्द वेगळा काढून टेबलावर ठेवल्यासारखं बोलतात.

"हृदय. ठीक. ठिगळ. ठीक. सात वर्षांत त्यावर मांस चढलंय. आता ते मूळ कापडच झालंय. रक्तवाहिन्या मात्र ताठरल्यात. ही खेळत का नाही?"

"डॉक्टर, ठिगळ..."

"ठिगळ. विसरा. बसून बसून होतं हे. उन्हात टाकलेल्या सायकलच्या ट्यूबसारखं. रोज तासभर चालू दे, पळू दे, उड्या मारू दे. चक्कर आली, छातीत दुखलं, तर थांबायचं आणि मला कळवायचं. इस्टरनंतर पुन्हा बघते."

"हो डॉक्टर. हो हो डॉक्टर," अडोमा म्हणाली, आणि टॅक्सीचं दार लावल्या लावल्या, "हिचं काय जातंय बोलायला!"

नाक्यावर उतरल्यावर सेरवा सायकलवाल्याकडे गेली आणि ट्यूबचे दोन तुकडे मागून आणले, एक ताजा, एक वाळका. घरी आल्यावर मशीनच्या पाटावर ठेवले. "आई, ओढ."

ताजा ताणला आणि सटकन परत आला. वाळका अडोमाच्या हातातच तुटला. तिनं तुटलेली टोकं जुळवून पाहिली.

"डब्यात पडून राहिलेलं इलास्टिक असंच होतं," ती शेवटी पुटपुटली.

"मग मला डब्यात का ठेवलंयस?" सेरवा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून परवानगी मिळाली. अट एकच, मी मागून कापड घेऊन चालायचं.

आमच्या चढावर विजेचे नऊ खांब आहेत. पहिल्या दिवशी ती तिसऱ्याला टेकली. तोंडातून शब्द फुटेना.

"घेऊ पाठीवर?"

तिनं श्वास गोळा केला. "कापडाची घडी कर, ताई. उगाच चुरगळतंय."

तीन खांब आठवडाभर पुरले. मग चार. मग पाच. पाचव्यापाशी एक कोंबडी रोज तिच्याकडे संशयानं बघायची. लेंट, म्हणजे इस्टरआधीचे चाळीस दिवस, अर्धा सरेपर्यंत सेरवा नवव्याला हात लावून खाली यायला लागली, निम्मं पळत. संध्याकाळी पोरी टाळ्या देत, उड्या मारत, पाय पुढं टाकून आम्पे खेळायच्या, त्यातही घुसली. प्रत्येक डाव हरली. हरली की पुन्हा रांगेत.

पण पाठवत कोणी नव्हतं. रोज दुपारी ती आंटी फोसुआच्या टपरीपुढं जाऊन उभी. आंटी केंकी विकते, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे पानात उकडलेले गोळे, आणि चढावरच्या पोरांना सगळ्यांत जास्त पळवते तीच.

"आंटी, कुठं पाठवायचंय का?"

"हो. त्या बाकावर. जा, बस." वर तळलेल्या माशाचं डोकं हातात.

मी आंटीचं ते "जा, बस" हुबेहूब करायचे, एक हात कमरेवर, घसा खाकरून. चढ हसायचा. सेरवा हसली नाही. बघत राहिली.

"इस्टरपर्यंत ही बाई तुला पाठवत नाही," मी म्हटलं. "पैज."

"हरलीस तर?"

"म्हणशील ते."

"मी तुला कामाला पाठवणार."

लहानानं मोठ्याला पाठवायचं! आमच्याकडे असलं बोलणाऱ्याचे कान हातात येतात. पण मी हरणारच नव्हते, म्हणून हो म्हटलं.

इस्टरच्या आधीचा गुरुवार. दोन दिवस लाइट नव्हती. आंटीनं भिजवलेला तीन घमेली मका वास सोडायला लागला होता. गिरणी चढाच्या माथ्यावर. लाइट आली की ज्याचं झाकण गिरणीपुढं आधी पोचेल त्याचा नंबर आधी, भांडं मागून आलं तरी चालतं. आणि दुपारी सगळीकडून ओरडा उठला, "आली! आली!"

पोरं झाडून सारी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला. बाकावर सेरवा आणि मी. आंटीनं लाल झाकण उचललं, इकडं तिकडं पाहिलं. मी उठले. अर्धी मदतीसाठी, अर्धी पैजेसाठी.

"तू? मागं पाठवलं तर गिरणीवाल्याची नक्कल करत उभी राहिलीस आणि माझा मका नासला. बस!"

सेरवा आधीच उभी होती. हात पुढं.

"पोरी, पडलीस तर अडोमाला काय सांगू मी?"

"सांगा, कामाला गेली होती."

समोरचं शिलाई मशीन थांबलं होतं. अडोमा दारात, गळ्यात टेप. आंटीनं तिच्याकडे पाहिलं. अडोमाचा हात टेपवर घट्ट आवळला.

"चप्पल काढून जा," ती म्हणाली. "घसरशील."

आंटी फोसुआनं घसा खाकरला. तो नेहमीचा खाकरा नव्हता, मला नक्कल जमली नसती.

"ये," ती म्हणाली, "तुला पाठवते."

सेरवा सुटली. मी खांब मोजत होते. पाचव्याला वेग पडला, कोंबडी उडाली, सेरवा कमरेवर हात ठेवून चालायला लागली. अडोमा एक पायरी उतरली. सातव्याला झाकण पुन्हा उन्हात चमकलं. पळत होती. मग वळणापलीकडे गेली.

खाली आली ती घामानं निथळत, धापा टाकत. "आंटी... दुसरा नंबर! मका... पाठवा!"

मका कोणी वाहिला ते विचारू नका. तीन घमेली होती.

इस्टरनंतर पुन्हा पट्टा आवळला, सोडला. डॉक्टर लाम्पतेबाई म्हणाल्या, "आधीपेक्षा. बरी. उघडते. अजून. पुष्कळ. बाकी." अडोमानं तेवढे सहा शब्द सगळ्या चढाला सांगितले, नळावर तर दोनदा.

त्याच दुपारी मी आंटीच्या टपरीमागं सावलीत बसले होते. बाकावरून खाकरा आला. अस्सल. आंटी फोसुआ स्वतः मागं वळली, आपल्या आवाजात कोण खाकरलं ते बघायला. बाकावर सेरवा बसलेली, एक हात कमरेवर.

"ओफोरिवा!" ताई नाही, काही नाही. "ये, तुला पाठवते. खालच्या नाक्यावरून गार पाण्याची पिशवी. आणि वाटेत कोणाची नक्कल करत उभी राहू नकोस."

सगळा चढ बघत होता. मी पळत गेले.