बटन नसलेली एकतारी

आमच्या थोरल्या साडभाऊंनी मला जितकी लाज आणली, तितकी माझ्या दहावीच्या निकालानेही आणली नव्हती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हिंगोलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नव्वदच्या दशकात आम्ही बाकीची माणसं रंगीत टीव्ही आधी घ्यावा की स्कूटर, या विवंचनेत होतो, तेव्हा या गृहस्थांचा जीव जडला होता जेफेट नावाच्या, रेडिओच्या पोटात असतो तसल्या एका ट्रांझिस्टरवर. तुरीच्या दाण्याएवढा जीव, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि खाली तारेचे चार पाय. लोक पाकिटात बायकामुलांचा फोटो ठेवतात; साडभाऊ पाकिटात चांदीच्या कागदात गुंडाळलेला जेफेट ठेवत आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तो उघडून दाखवत. त्या वेळी मी पुढच्या सीटवर सरकून खिडकीबाहेरची कपाशी फार लक्षपूर्वक बघायला लागायचो.

तो कसा चालतो हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की मराठीचा मास्तर असूनही मला ते झोपेत विचारलं तरी सांगता येईल. "साधा ट्रांझिस्टर म्हंजे कचेरीतला बाबू, साडभाऊ. आधी चहा पाजा, मग गाऱ्हाणं ऐकतो म्हणते. आता गाऱ्हाणं सांगणाराच कमजोर असला, तर चहा पाजण्यातच त्याचा दम निघते. जेफेट काहीच मागत न्हाई. बारीकातला बारीक आवाज नुसता ऐकून घेते अन् पुढं मोठ्यानं सांगते." हे कसं, असं कुणी चुकून विचारलं की ते पाण्याच्या नळीवर येत. नळीवर बाहेरून पाय दाबला की आतलं पाणी कमी होतं, उचलला की वाढतं, पण पाय ओला होतो का? होत नाही. तसा जेफेट बाहेरून दाबून आतला प्रवाह चालवतो. पुसेगावला माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "सर, आपण काय शिकवता?" पुढच्या मिनिटाला साडभाऊ अंगणात मोटारीच्या नळीवर उभे होते. नळी सांध्यातून निसटली आणि होऊ घातलेले व्याही टोपीपासून वहाणांपर्यंत न्हाऊन निघाले. पाय ओला होत नाही, एवढंच साडभाऊ म्हणाले होते. बाकीच्या अंगाबद्दल त्यांनी शब्द दिला नव्हता. ते तसे म्हणालेही, आणि मी मान खाली घालून टॉवेल शोधायला घरात पळालो.

त्यांच्या घरी जेवायला जाणंही जोखमीचं. एकाच नंबरचे दोन जेफेट कधी सारखे नसतात, एक दांडगा निघतो, दुसरा मवाळ, हा त्यांचा लाडका सिद्धांत. म्हणून ते प्रत्येकाची मीटर लावून परीक्षा घेत आणि स्वभावाप्रमाणे वेगवेगळे ठेवत. वेगवेगळे ठेवायला घरात सोयीची वस्तू एकच होती, ती म्हणजे मसाल्याचा डबा. एकदा मसालेभातात माझ्या दाताखाली काहीतरी कट्कन आलं. मला वाटलं लवंग. साडभाऊंनी माझ्या तोंडासमोर तळहात धरला, तो ऐवज धुतला, मीटर लावला आणि आनंदाने ओरडले, "चालू हाय! शिजला, चावला, तरी चालू हाय!" माझा दात मात्र कायमचा बंद पडला, त्याची चौकशी कुणी केली नाही.

आणखी एक खोड म्हणजे त्यांना बटनांचा तिटकारा होता. आवाज मोठा करायला जेफेट घालून त्यांनी बनवलेल्या कुठल्याच डबीला चालू-बंदचं बटन नसायचं; बॅटरी जोडली की ती चालू, काढली की बंद. कारण विचारलं तर म्हणत, "जेफेट जात्याच चालू असते. त्याला काही केलं न्हाई तर तो मोकळा वाहते. थांबवायचा तर उलटा दाब द्यावा लागते. ज्याचा स्वभावच चालू राहायचा, त्याला बटन काहून लावायचं?" या तत्त्वज्ञानाचं पुढे जे झालं, ते सगळ्या गोरेगावने ऐकलं.

गोरेगाव ही आमची सासरवाडी. सासरे, ज्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो, चौदा एप्रिलच्या जयंतीला गाणाऱ्या गायनपार्टीचे जुने गायक. एकतारी मांडीवर घेऊन ते बसले की आसपासच्या गावांतली माणसं जीप करून येत. त्यांचा एक रेडिओ होता. साडभाऊ लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला आले, तेव्हा त्यांनी त्या रेडिओत जेफेट घालून त्याचा कान तिखट करायचं मनावर घेतलं आणि रात्रीतून तो उघडला. सकाळी रेडिओ मुका झाला तो कायमचाच. मामा रागावले नाहीत. ते फक्त साडभाऊंशी बोलायचे थांबले. समोरासमोर बसलेले असतानाही ते मला सांगत, "त्यायला म्हणा, चहा घ्या." साडभाऊ मला म्हणत, "मामाला म्हणा, घेतला." वर्षानुवर्षं मी या दोघांच्या मधली वायर होतो. साडभाऊ जगात कुणाचंही ऐकत नसत, पण सासरवाडीच्या उंबऱ्यावर त्यांचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा व्हायचा. माफी मागायची त्यांच्यात हिंमत नव्हती, आणि नवा रेडिओ नेला तर तो मामांनी खोक्यातूनच काढला नाही.

मग काळ बदलला. जयंतीला कीबोर्ड आले, माणसाच्या उंचीचे स्पीकर आले. मामांचा गळा बसला, बोटं थरथरू लागली, आणि त्या गदारोळात एकतारी कुणाला ऐकूच येईना. पार्टीतली तरणी माणसं एके वर्षी आदराने म्हणाली, "आबा, औंदा तुमी बसून ऐका." मामा "व्हय" म्हणाले आणि त्यांनी एकतारी खुंटीला टांगली. ही गोष्ट माझ्या मेहुणीकडून कळल्यावर साडभाऊ दोन घास कमी जेवले. गाणाऱ्या शुभेच्छापत्रातली पितळी चकती त्यांनी काढली, मसाल्याच्या डब्यातला सगळ्यात गुणी जेफेट निवडला, आणि पुढच्या जयंतीला एक डबी घेऊन गोरेगावला आले. आवाज पकडायला चकती एकतारीच्या कातड्याला आतून चिकटवली, तो मोठा करायला डबी खाली बांधली. मामांनी मला सांगितलं, "त्यायला म्हणा, वाद्य मोडलं तर बघा." पण त्यांनी एकतारी हातात दिली, हेच पुष्कळ होतं.

संध्याकाळी विहारासमोर सगळी वस्ती जमली. आयत्या वेळी पार्टीने मामांना एक गाणं दिलं होतं. मंचावर एकतारी सतरंजीवर ठेवलेली होती, मामा शेजारी बसून पाणी पीत होते. साडभाऊ डबीची बॅटरी आणि भोंग्यांची वायर जोडून गुडघ्यांवर वाकले आणि सवयीप्रमाणे आपल्या जेफेटशी बोलू लागले. काम सुरू करण्यापूर्वी ते नेहमीच त्याच्याशी बोलत. पण बॅटरी जोडली की डबी चालू होते, आणि कातड्याजवळ पुटपुटलेलं सगळं ते चिमुकलं कार्टं इमानदारीने ऐकून घेतं, हे जगाला शिकवणारा माणूस स्वतः त्या क्षणी विसरला. चारही भोंग्यांतून त्यांचा आवाज आला, "बापू, आजच्या दिवस इज्जत राख रे. मामाचा रेडिओ माझ्या हातानं मेला, त्याची शरम अजून जात न्हाई. तोंडावर माफी मागायची माझ्यात हिंमत न्हाई. मामाचा आवाज तेवढा शेवटच्या माणसापर्यंत पोचव, मग मला काही नको."

आधी बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग सगळा मांडव हसायला लागला. साडभाऊंनी वर पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. एवढा शरमलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. ते मंचावरून उतरले ते एक चप्पल तिथेच सोडून, आणि मांडवामागे भोंगेवाल्याच्या जीपआड जाऊन बसले. लोक माझ्याकडे वळून बघत होते, कारण मीही जावईच. मी आपला त्यांची चप्पल उचलून, ती कुणा भलत्याचीच असावी अशा थाटात उभा राहिलो.

मामांनी एकतारी मांडीवर घेतली. तार छेडली, तो तिचा आवाज सेनगावच्या रस्त्यापर्यंत गेला. त्या दिवशी मामा गायले, थरथरत का होईना पण शेवटपर्यंत, आणि एकही माणूस मांडवातून उठला नाही. गाणं संपलं. टाळ्या थांबल्या. मामांनी माईक बाजूला सारला, एकतारी उचलून तोंडाजवळ धरली आणि हळूच म्हणाले, "जावाईबापू, रेडिओ जुनाच व्हता. जेवल्याबिगर जाऊ नका." चार भोंग्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. जीपमागे मी गेलो तेव्हा साडभाऊ रुमालाने चष्मा पुसत होते, आणि चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

पुढची सात-आठ वर्षं त्या दोघांना समोरासमोर बोलायची लाज वाटत राहिली ती वाटतच राहिली. साडभाऊ गोरेगावला मुक्कामाला आले की मामा ओसरीवर एकतारी तोंडाशी धरत आणि साडभाऊ बसलेल्या आतल्या खोलीतल्या छोट्या स्पीकरातून "चहा झाला का जी?" असं यायचं. माझी मधल्या वायरची नोकरी गेली. मला ते थोडं लागलंही.

मामा गेल्यावर एकतारी साडभाऊंच्या घरी आली. परवा हिंगोलीला गेलो, तर ते तिच्या डबीतली बॅटरी बदलत होते. मी म्हटलं, "आता कुणी वाजवत न्हाई, बोलत न्हाई. मग बॅटरी काहून घालून राहिले?" ते ओशाळले. एकतारी भिंतीला टेकवत म्हणाले, "काढावी वाटते हो. पण काढली म्हंजे बंद होते ना ती." मी नुसता एक उसासा टाकला, तर कोपऱ्यातल्या स्पीकरातून तो चांगला मोठा होऊन खोलीभर ऐकू आला, आणि आम्ही दोघंही खाली बघत बसलो.