बोलीच्या वर

मंचरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. तिथलं लंबकाचं घड्याळ बंद पडलं, म्हणून मी ऑनलाइन लिलावात तसलंच एक जुनं शोधलं. वडील शेजारी बसून आकडा सांगायचे, मी मोबाइलवर बोली वाढवायचो. घड्याळ आम्हालाच मिळालं.

मग विकणाऱ्याचा मेसेज आला. पॅकिंगचे वेगळे, हाताळणीचे वेगळे, काच फुटू नये म्हणून आणखी वेगळे. आधी यातलं एक अक्षर कुठं लिहिलेलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"रद्द करतो," मी म्हणालो.

"न्हाई रे. आपण बोली बोललोय. मोडायची न्हाई."

आमच्या जैन मंदिरात पर्युषणात आरतीचा मान बोलीनं मिळतो. तोंडातून आकडा गेला की तेवढेच द्यायचे, कमी नाही, जास्त नाही. वडिलांना बोली माहीत ती एवढीच. ती मोडू नये म्हणून त्यांनी मला वरचे सगळे पैसेही भरायला लावले. मला त्यांचाही राग आला.

घड्याळ चांगलं चालतं. पण यंदा आरतीची बोली वडिलांच्या नावावर झाली, तेव्हा त्यांनी पुकारणाऱ्याला विचारलं, "भाऊ, याच्या वर अजून काय द्यावं लागंल का?"

सगळं मंदिर हसलं. वडील चेष्टा करत नव्हते.