बत्तीस नव्हेत

"सोळा दुणे बत्तीस! राखीव जागेवर लागलेल्या मास्तरला एवढं बी येत न्हाय व्हय?"

संस्थेचे अध्यक्ष वर्गाच्या दारात उभे होते. सोबत पाहुणे. पाहुणे हसले. मग मुले हसली.

कसबा बावड्यातील ती खासगी शाळा. निवृत्तीनंतर मी तेथे तासिकेवर गणित शिकवीत होतो. फळ्यावर वर्तुळ होते. कडेवर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू इतर सर्वांशी जोडायचा, आतले भाग मोजायचे. वर्तुळाच्या आत तीन रेषा एका ठिकाणी मिळू द्यायच्या नाहीत. दोन बिंदूंना दोन भाग. तिनांना चार. चारांना आठ. पाचांना सोळा.

"सहांना?"

वर्ग ओरडला, "बत्तीस!"

"हा अंदाज झाला. आता मोजा."

मागच्या बाकावरील मुलगी उठली. "सर, एकतीसच येत्यात की."

मी मोजले. एकतीसच होते; तसे मोठ्याने सांगितले. एवढ्याने दुपटीचा नियम मोडतो. तेवढ्यात अध्यक्ष आले होते.

मी म्हणालो, "साहेब, आपण स्वतः मोजून पाहा."

"मी मोजू? अहो, तुमच्यात तुम्ही एक अपवाद निघालात, म्हणून बोलावलं. डोक्यावर बसू नका. बत्तीस लिवा."

अपवाद. हा शब्द मी नोकरीभर ऐकला; बहुधा कौतुक म्हणून. त्या दिवशी तो प्रथमच तपासला. वर्तुळाचा नियम एका अपवादाने कोसळला. आमच्याविषयीचा यांचा नियम मात्र कितीही जणांनी खोटा पाडला तरी उभाच. नियम राखतात, माणूस वेगळा काढतात.

मी फळ्यावर एकतीस लिहिले. "मी अपवाद नाही. आपला नियम खोटा आहे."

माझे तास त्याच दिवशी काढून घेतले.

पुढे परीक्षेत तोच प्रश्न आला. ती मुलगी आईसोबत बाजारात भेटली. मान खाली घालून म्हणाली, "बत्तीस लिवलं, सर. न्हायतर मार्क कापत्यात."

आई म्हणाली, "गुरुजी, पोरीला आणखी नादाला लावू नगासा. शाळंतनं काढतील."

तिचे खोटे नव्हते.

हे बदलेल असे मला वाटत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच. परंतु यापुढे अपवाद म्हणून कोणी मला शाल पांघरवू लागला, तर ती मी खांद्यावर पडू देणार नाही. भरसभेत परत करीन. का, तेही तेथेच सांगेन.