आर्णीतली काचेची भिंत

आर्णीतल्या एका घराची पश्चिमेची अख्खी भिंत मी काचेची केली. न उघडणारी. वर छज्जाही दिला नाही, कारण छज्ज्याने भिंतीची रेघ बिघडते असं माझं ठाम मत होतं. मी याच यवतमाळ जिल्ह्यात जन्मलो, इथेच प्रॅक्टिस करतो. त्यामुळे ऊन कुठून येतं हे माहीत नव्हतं, अशी सबबही मला नाही.

क्लायंट म्हणजे शाळेतून रिटायर झालेले एक सर. त्यांच्या पत्नीला, काकूंना, अर्धांगवायूचा झटका आलेला. त्या खाटेवरच असत. सरांची मागणी एकच.

"इंजिनिअर साहेब, इले पडल्या पडल्या बाहेरचं दिसलं पायजे. बाकी घर तुमच्या मनानं करा."

आमच्याकडे आर्किटेक्टलाही इंजिनिअरच म्हणतात. आणि माझं मन तेव्हा जपानी मिनिमलिझमने झपाटलेलं. म्हणजे सामान कमी, रंग कमी, घर आणि झाडं यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही. हे सगळं ज्ञान मोबाइलवरच्या फोटोंतून आलेलं. काकूंना मी खाट, पांढऱ्या भिंती आणि समोर काच दिली. काचेपलीकडे परसातला पळस, मग तुरीचं शेत.

वास्तू हिवाळ्यात झाली. "पाहा जी, कोतवाल पाखरू बसलं पळसावर," काकू सरांना म्हणाल्या. सरांनी मला पेढा भरवला. मी फोटो इन्स्टाग्रामवर टाकले.

होळीच्या सुमारास पळस पेटल्यासारखा फुलला. काकू खूश. फुललेल्या पळसाला पान नसतं, म्हणजे सावलीही नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग सरांचा फोन आला.

"साहेब, कूलर कुठी लावाचा?"

इथे साधा मिस्त्रीही खोली काढताना आधी कूलरची खिडकी काढतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो, त्यामुळे त्याची पाठ घराबाहेरच लागते. काकूंच्या खोलीला बाहेरची एकच बाजू होती, आणि ती मी काचेने बंद केली होती. कूलर खोलीतच ठेवला, तर तीच दमट हवा फिरू लागली.

"मंग काचेले भोक पाडा ना."

"सर, ही टफन्ड काच आहे. भट्टीतून काढल्यावर कापता येत नाही. पूर्ण चुरा होतो."

"काय कामाची मंग?"

मी हिरवी जाळी बांधली, फिल्म चिकटवली, जाड पडदे लावले. एसीसुद्धा आणला. दुपारी व्होल्टेज पडलं की तो नुसता घुरघुरायचा. पडद्याआड काच तापतच होती. हात लावला तर चटका बसायचा.

मे महिन्यात काकूंना ऊन लागलं. खोलीत, खाटेवर. दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टर सरांवर खेकसले, "यांना उन्हात कोणी नेलं?"

सरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

काच फोडली. विटांची भिंत उभी राहू लागली. मी घाबरत घाबरत म्हणालो, "सर, कूलरशेजारी छोटी खिडकी ठेवू या? काकूंना तेवढंच..."

"नोको साहेब. आता तुमी काईच ठेवू नोका."

नंतर मी त्या जुन्या जपानी घरांचे फोटो पुन्हा, या वेळी नीट, पाहिले. छपरं भरपूर पुढे आलेली. त्यांच्याखाली लाकडी ओटी, तिला ते लोक एंगावा म्हणतात. निसर्गाला ते आधी ओटीवर बसवतात. मी त्याला थेट आजारी बाईच्या खाटेपर्यंत आणलं होतं.

काकू घरी आल्यावर भेटायला गेलो. त्या कूलरच्या जाळीकडे पाहत पडल्या होत्या. दुसरं पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आवाज अगदी खोल गेलेला.

"काकू, चुकलं माझं. जपानमध्ये घरं अशीच..."

"तुमी गेलते का जपानले?"

"नाही."

"आर्णीले तं आलते ना?"