शेणावर वाढवलेली टाकी

नगरपालिकेच्या अभियंत्यानं मला फसवलं, आणि माझ्या नावाआडून खालच्या घाटावरच्या धोब्यांना फसवलं. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

नव्वदच्या दशकात लखनौच्या अलीगंजमध्ये माझं पंपांचं वर्कशॉप होतं. सोलापूरहून आलो तेव्हा हातात पाना होता आणि हिंदी मोडकं. पंप दुरुस्त करता करता मी शिकलो, आणि लखनौच्या वरच्या अंगाला, गोमतीकाठच्या एका लहान गावाचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभारायचं काम भांडून मिळवलं.

अशा टाकीत घाण खाणारे जिवाणू वाढवावे लागतात. सुरुवात ताज्या शेणानं करायची. ते आणायला मी दुसऱ्याला पाठवलं नाही, गवळ्याकडे स्वतः गेलो.

"मराठी बाबू, आँगन लीपोगे क्या?"

"नाला पालना है. सुबह का माल दो. भूसा मिला तो सब वापस."

तासभर घासाघीस झाली आणि दोन घमेली वर घेऊनच मी उठलो. शेण कालवून, गाळून टाकीत सोडलं. पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं दिवसरात्र चालू ठेवली. हवा थांबली की जिवाणू गुदमरतात, आणि तिथल्या विजेचा काही भरवसा नव्हता. म्हणून जनरेटरसाठी मी अभियंत्याच्या टेबलावर हात आपटला होता. जनरेटर आला.

काही आठवड्यांनी टाकीतून नदीकडे जाणाऱ्या पाण्याखाली पाटाच्या विटा दिसायला लागल्या. ते पाणी बरणीत भरून मी घरी आणलं.

"अहो, ते स्वयंपाकघरात नको हं!" बायको ओरडली. मग तिनंच बरणी खिडकीशी उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. एवढा मान मला कुठल्या साहेबानं दिला नाही.

केंद्राच्या खालच्या घाटावरच्या म्हाताऱ्या धोब्यानं तर हात धरून धुतलेली चादर हुंगायला लावली. "देखिए, बास नहीं है." त्या दिवशी स्कूटरवरून परत येताना मी मोठ्यानं गात होतो. केंद्र नगरपालिकेच्या ताब्यात दिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

थंडी सरली आणि तोच धोबी वर्कशॉपवर आला. काखेतली चादर त्यानं माझ्यापुढे टाकली.

"सूँघिए. गाँव में सब कहते हैं, मराठी बाबू खाली डिब्बा बिठा गया."

मी तसाच निघालो. केंद्रात यंत्रं थंड. टाकीवर काळी साय धरलेली. बाजूची झडप सताड उघडी, आणि गावाची सगळी घाण टाकीला वळसा घालून थेट नदीत चाललेली. फाटकाजवळ शिपाई हातपंपावर बाटली भरत होता. बाटलीला तपासणीच्या नमुन्याची चिठ्ठी लावलेली. मी ती हिसकावून घेतली आणि अभियंत्याच्या खोलीत शिरलो.

"अरे भाई, बैठिए तो!" तो हसत म्हणाला. "जनरेटर की झंझट कौन पाले? रिपोर्ट में पानी हर बार पास है. आप ही का तो नाम हो रहा है."

"नाम मेरा, और पानी हैंडपंप का?"

बाटली मी त्याच्या फायलींवर उपडी केली. त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. दुसऱ्या दिवसापासून मला फाटकाच्या आत घ्यायचं बंद झालं. कागदावर माझं केंद्र उत्तम चालत राहिलं. घाटावर मी लबाड ठरलो.

मी लबाड नाही. मी उभारलेली टाकी चालत होती. गावाचा मैला आत जात होता आणि विटा दिसतील असं पाणी बाहेर येत होतं. माझ्यासारख्या पाना घेऊन आलेल्या माणसानं ते करून दाखवलं होतं. मग ती चालती टाकी मारायचा हुकूम कोणी दिला? अभियंत्यानं स्वतःच्या मनानं, की त्याच्या वरच्या कोणी? ज्यानं दिला त्यानं घाटावर यावं, धोब्यांसमोर उभं राहावं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं की झडप मी उघडायला लावली.