वर्दी उतरवल्यावर

डिचोलीच्या बसस्टँडवर बाबा मला म्हणाले, "'वचून यो' म्हणचो ना हांव. वच." आपल्याकडे निघणाऱ्याला 'जाऊन ये' म्हणतात, नुसतं 'जा' म्हणत नाहीत. आई दचकली. मामा तोंड फिरवून उभा होता. त्याने आणलेलं सावंतवाडीचं स्थळ नाकारून मी सैन्यात अधिकारी व्हायला निघाले होते. पिशवीत आईने दिलेले उंडे पाव आणि सुकी भाजी होती. बाबांचा खनिजाचा ट्रक खाणींचं काम मंदावल्यापासून दारात गंजत होता.

सैन्यात मी पुरवठ्याचं काम केलं. बर्फाने रस्ते बंद होण्याआधी लडाखच्या चौक्यांवर धान्य, रॉकेल पोचवायचं. मेजर झाले, नेमणुकीची मुदत संपली, वर्दी उतरवली. तेव्हा तुम्हा नातेवाइकांपैकी किती जणांनी फोन केले! आता घरी ये, शिकवण्या घे. मी पुण्याला गेले, वित्त व्यवस्थापन शिकले आणि एका मालवाहतूक कंपनीत लागले. पहिल्याच मीटिंगमध्ये एक संचालक हसत म्हणाले, फौजेत पैसा सरकारचा असतो मॅडम, इथे कमवावा लागतो. मी म्हटलं, तिथे हिशेब चुकला तर माणूस उपाशी राहतो.

पुढे मी वित्तप्रमुख झाले आणि मंदी आली. ड्रायव्हरांचा आरोग्यविमा बंद करायचा ठराव आला. अंगात ताप घेऊन ट्रक चालवणारे बाबा मी पाहिलेत. बोर्डाला सांगितलं, "विमा राहील. कपात आपल्या पगारांत होईल, माझ्यापासून. नाहीतर दुसरा वित्तप्रमुख बघा." बरेच दिवस वरच्या मजल्यावर माझ्याशी कामापुरतंच बोलणं चालू होतं. शेवटी ठराव मागे घेतला. माझा पगार मात्र खरंच कापला, आणि मी तो खुशाल कापू दिला.

यंदा गणपतीच्या चवथीला डिचोलीत जेवताना मामाने पुन्हा विषय काढला. पुरे झालं, आता घरी ये, लोक विचारतात.

"मामा, घर हांगा आसा, काम थंय आसा," मी म्हटलं. "दोनूय म्हजीं. एकूय सोडचें ना." घर इथे, काम तिथे, आणि दोन्ही माझी.

तुम्ही सगळे घर म्हणता ते परत येण्याच्या जागेला. मीही येते, दरवर्षी येते. पण जिथून पुन्हा निघताना मला कुणाची परवानगी लागत नाही, त्यालाच मी घर म्हणते.

आईने माझ्या पानात गोड नेवरी वाढली आणि दुसरी मामापुढे धरून हवी का विचारलं, "तुका जाय?"