वाकलेला टाय रॉड

मला त्या दिवशी वाचवलं ते ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका अक्कांनी. तापल्या लोखंडाचा वास आला की त्या आठवतात. आठवीत शाळा सोडलेला मी पुढे कोकणातून शिरपूरला ड्रायव्हर म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात सातपुड्यातल्या नाल्यात मालकाच्या जीपचा पुढची चाकं जोडणारा टाय रॉड दगडावर आपटून वाकवला. पुढच्या चाकांची तोंडं दोन दिशांना झाली. आता नोकरी जाणार, या धास्तीनं मला रडूच फुटलं. तेवढ्यात मागून आलेल्या अक्का ट्रॅक्टर थांबवून उतरल्या. "रडस काब्र रे भाऊ? दांडा वाकडा शे, तू नही," म्हणत अक्कांनी जाळ केला, रॉड काढून तापवला आणि बाभळीच्या बेचक्यात अडकवून दोघांनी तो ओढून सरळ केला. "तुनं गाव कोठे शे?" "समुद्राकाठी." "मी अजून समुद्र देखा नही." जीप हळूहळू गॅरेजपर्यंत पोहोचली, नोकरीही टिकली. आजही खडकाळ रस्ता आला की मी गाडी हळू करतो. आणि अक्कांना एकदा पुढच्या सीटवर बसवून समुद्र दाखवायला मी नेणार, नक्की.